डेप्युटेशन की लोकल कॉन्ट्रॅक्ट? जर्मनीला निघण्याआधी महिने मोजा

तुमचा प्रश्न असा: हिंजवडीतली कंपनी स्टुटगार्टसाठी दोन पर्याय देतेय. भारतातल्या पेरोलवर राहून दोन वर्षांचं डेप्युटेशन, नाहीतर राजीनामा देऊन तिथल्या शाखेचं लोकल कॉन्ट्रॅक्ट. हातात पडणारा पगार साधारण सारखाच. मग पीएफचं काय करायचं, आणि तिकडची पेन्शन आपल्याला लागू होते का? सोबत पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. मी इथे २०१३ पासून आहे आणि पहिली तीन वर्षं डेप्युटेशनवरच काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तुम्ही कोणत्या देशाच्या सामाजिक विम्यात बसता हे पासपोर्टवरून ठरत नाही, पगार कोण देतं आणि कुणी पाठवलंय यावरून ठरतं. भारत आणि जर्मनीचा सर्वसमावेशक सामाजिक सुरक्षा करार २०११ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून लागू आहे. डेप्युटेशनवर आलात तर कंपनीने ईपीएफओकडून (आपला पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे सीओसी, काढायचं. ते असलं की ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचे हप्ते भरावे लागत नाहीत, तुमचा पीएफ भारतात चालू राहतो. सीओसी नसेल तर दोन्हीकडे कापलं जाऊ शकतं. विमानात बसण्याआधी त्याची प्रत स्वतःजवळ घ्या, ‘एचआर बघेल’ म्हणून सोडू नका.

हप्ते वाचतात, पण महिनेही जमा होत नाहीत. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. इथे कायमचं राहायचा परवाना हवा असेल तर ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) पेन्शन हप्त्यांचे २७ महिने दाखवावे लागतात, बी१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१. डेप्युटेशनची माझी तीन वर्षं त्या हिशोबात शून्य धरली गेली. तुमच्या मनात चार-पाच वर्षं राहायचा विचार असेल, तर मी लोकल कॉन्ट्रॅक्टच घ्या म्हणेन.

लोकल कॉन्ट्रॅक्टवर पगाराच्या १८.६ टक्के पेन्शन विम्यात जातात, अर्धे तुमचे, अर्धे कंपनीचे. सरासरी पगारावर वर्षभर भरलं की एक गुण मिळतो, आणि जुलै २०२५ मध्ये एका गुणाची किंमत महिन्याला ४०.७९ युरो ठरली होती. म्हणजे चार वर्षांचे साधारण १६० युरो महिना, तेही वयाच्या ६७ व्या वर्षापासून. तुम्ही तेव्हा चिंचवडला राहत असलात तरी पेन्शन तिथे येते. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे आणि हयात असेपर्यंत चालू राहते.

अट एकच, किमान ६० महिने. करार खरा उपयोगी पडतो तो इथे. जर्मनीत ४० महिने भरलेत आणि भारतात ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, ३० महिने आहेत, तर पात्रतेसाठी दोन्ही एकत्र मोजतात. पैसे मात्र प्रत्येक देश आपल्याकडच्या महिन्यांपुरतेच देतो. उलट बाजूनेही तसंच, ईपीएस पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरत नसतील तर जर्मन महिने मदतीला येतात.

हे मला उशिरा कळलं. २०१६ मध्ये लोकल झालो तेव्हा पुण्यातल्या खात्यात ईपीएसची आठ वर्षं होती. ‘दहा भरली नाहीत, काढून घ्या’ असा सल्ला मिळाला, मी काढले. वर्षभरात करार लागू झाला. ते पैसे कधीच खर्च झाले, आणि आठ वर्षांचा सेवाकाळ कायमचा पुसला गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो: राजीनामा दिलात तरी पेन्शनचे पैसे काढू नका, फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे सेवाकाळ जपून ठेवणारा दाखला, मागा.

जर्मनीतही हाच मोह आहे. पाच वर्षांच्या आत परत गेलात तर २४ महिने थांबून हप्ते परत मागता येतात. पण मिळतो तो फक्त तुमचा अर्धा वाटा, बिनव्याजी, आणि इथले सगळे महिने मिटतात. फक्त वर्षभर राहून गेलेल्याने घेतले तर समजू शकतो, चार वर्षंवाल्याने घेऊ नयेत.

आरोग्य विमा या करारात येत नाही. डेप्युटेशनवर येणार असाल तर पत्नी आणि मुलीसाठी कंपनी कोणता विमा काढते, बाळंतपण त्यात आहे का, हे लेखी घ्या. लोकल कॉन्ट्रॅक्टवर सरकारी क्रांकेनकासे (आरोग्य विमा संस्था) घेतलीत तर नोकरी न करणारी पत्नी आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय तुमच्याच विम्यात येतात. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त वाटतो, पण तिथे माणशी हप्ता असतो आणि परत सरकारीत यायला त्रास होतो. आई-बाबांना मात्र कौटुंबिक विम्यात घेता येत नाही, त्यांच्या प्रत्येक फेरीला प्रवास विमा काढावाच लागतो.

आणखी एक, हे पत्नीला नक्की सांगा. आमचा मुलगा इथे जन्मला. ही घरी होती, आपल्या नावावर काहीच नाही असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात इथे वाढवलेल्या मुलामागे तीन वर्षं पेन्शन खात्यात धरतात. अर्ज केला आणि तिच्या नावावर ३६ महिने लागले. त्या दिवशी तिने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. तुमची मुलगी दोन वर्षांची आहे, त्यामुळे तिचे इथले थोडेच महिने मिळतील, पण दुसरं मूल झालं तर अर्ज विसरू नका.

आता एक काम करा. यूएएनने, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकाने, लॉगिन करून पासबुकात पेन्शनचा रकाना बघा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागला असाल आणि तेव्हा मूळ पगार १५,००० च्या वर असेल, तर तुम्ही ईपीएसमध्ये नसालच, आणि मग वरचा निम्मा हिशोब बदलतो. त्या रकान्यात काय दिसतं ते कळवा, मग पुढचं बोलू.