बंदोबस्ताचे पैसे कोणी भरायचे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावात तुमचा धावपटूंचा गट अर्धमॅरेथॉन भरवतो, नावनोंदणीचे माणशी 700 रुपये घेतो, आणि यंदा पोलिसांनी बंदोबस्ताचं शुल्क भरायला सांगितलंय. यात्रेला फुकट, सभेला फुकट, आयपीएलवाल्यांना तर माफी, मग आम्हीच का, असं तुम्ही विचारलंय.

मी 31 वर्षं पोलिसात काढली, त्यातली निम्मी बंदोबस्तात गेली. माझं मत आधीच सांगतो. तुम्ही पैसे भरा, पण हिशेब मागून भरा. आयपीएलबद्दलचा तुमचा राग रास्तच आहे.

स्वतःहून अर्ज करून जादा पोलीस मागितले तर खर्च मागणाऱ्याने द्यायचा, हा नियम इंग्रजांच्या 1861 च्या पोलीस कायद्यातल्या कलम 13 पासून चालत आलाय. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही तशी तरतूद आहे. त्यामुळे तुमच्या ठाण्याने काही नवीन काढलेलं नाही.

आता फुकट कोणाला आणि पैसे कोणाला, याचं माझं माप एकच आहे: दार कोणाच्या ताब्यात आहे? वारीला दार नाही. पंढरपूरला कोणी तिकीट फाडत नाही, कोणी कमाई मोजत बसत नाही. मांढरदेवीच्या यात्रेत जानेवारी 2005 मध्ये जवळजवळ 300 माणसं मेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, आणि वरून माणसांचा लोंढा. त्याआधी 2003 च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात 39 भाविक चेंगरून मेले. तिथे बिल कोणाच्या नावावर फाडणार? ती माणसं आपल्या हक्काने आलेली असतात आणि त्यांना सुखरूप घरी पोचवणं हे सरकारचंच काम. तिथे सरकारने हात आखडता घेऊच नये. आणि पैसा लाठीच्या आधी पायरीवर, कठड्यावर, उजेडावर, येण्याजाण्याच्या वेगळ्या वाटांवर घालावा. गर्दी दाबायला लागलेल्या जागी शंभर पोलीस उभे केले तरी ते त्याच गर्दीत अडकतात. मी अडकलोय. छाती दाबली जाते तेव्हा शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही.

सरकारी पैसा असला म्हणजे लोक सुरक्षित झाले, असंही नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला सरकारनेच पुरस्काराचा सोहळा केला. भर उन्हात लाखो माणसं उघड्या मैदानावर बसली आणि उष्माघाताने 14 जण गेले. मंचावर सावली होती. लोकांच्या डोक्यावर नव्हती. बंदोबस्ताच्या आखणीत मी हे कायम पाहिलंय. व्हीआयपीचा मार्ग, व्हीआयपीचं वाहनतळ, व्हीआयपीचं दार यांना माणूस आधी लागतो आणि उरलेले लोकांच्या बाजूला. सार्वजनिक पैशाचं भांडण करायचंच तर आधी इथे करावं.

आयपीएलचं बोलू. तिथे दार आहे, तिकीट आहे, प्रक्षेपणाचे हक्क आहेत. तरी जून 2023 मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर कमी केले, आणि तेही 2011 पासूनच्या मागच्या सामन्यांना लावून. थकबाकी तिथल्या तिथे आटली. माहिती अधिकारातल्या एका कार्यकर्त्याने याविरुद्ध जनहित याचिका केली आणि उच्च न्यायालयानेही सरकारला या मागच्या माफीचं कारण विचारलं. पुढच्या सामन्यांचे दर बदलले असते तर निदान चर्चा झाली असती. झालेल्या सामन्यांचे पैसे सोडणं मला कोणत्याही अंगाने पटत नाही. ते पैसे सामान्य माणसाच्या खिशातून भरून निघतात.

बंगळुरूची गोष्ट मात्र आणखी गुंतागुंतीची आहे. 4 जून 2025 ला आयपीएल जिंकलेल्या रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू संघाच्या विजयोत्सवाला चिन्नास्वामी मैदानाच्या दाराबाहेर 11 जण चेंगरून मेले. दाराबाहेर, हे लक्षात घ्या. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने नंतर म्हटलं की पोलीसही माणसं आहेत, त्यांच्याकडे अल्लाउद्दीनचा दिवा नाही, आणि गर्दी जमवल्याची जबाबदारी प्रथमदर्शनी संघावर टाकली. इंग्लंडमध्ये वेगळं ठरलंय. लीड्स युनायटेड क्लबने 2013 मध्ये अपील न्यायालयात जिंकलं: मैदानाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरच्या बंदोबस्ताचे पैसे क्लबकडून घेता येणार नाहीत. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण आपल्याकडे माणसं दाराबाहेरच मरतात. ज्याच्या निमंत्रणावरून गर्दी आली त्याने दारापासून बस थांब्यापर्यंतच्या बंदोबस्ताचा वाटा उचलावा, असं मला ठामपणे वाटतं.

आणि या शुल्कात जे धरलंच जात नाही ते सांगतो. एका वर्षी एका तिकिटाच्या संगीत कार्यक्रमाला चार ठाण्यांतून माणसं ओढली होती. आमच्या ठाण्यात मागे उरले ठाणे अंमलदार आणि एक चालक. रात्री दहाच्या सुमारास 20 किलोमीटरवरच्या वस्तीवरून फोन आला, म्हातारी एकटी आहे, दार फोडतायत. गाडी पोचायला दोन तास लागले. म्हातारी वाचली, पण तिच्या कानातलं ओढून नेलं होतं, कानाची पाळी फाटली होती. आयोजकांनी शुल्क पूर्ण भरलं होतं, पावतीही होती. त्या पावतीत ही म्हातारी कुठेच नव्हती. बंदोबस्त लागला की रजा रद्द, साप्ताहिक सुट्टी बंद, समन्स पडून, तपास पडून. माणूस एकच, तो दोन जागी उभा राहत नाही.

म्हणून तुम्ही कमीत कमी पोलीस लागतील असं नियोजन करा. अर्जासोबत मार्गाचा नकाशा द्या, चौकाचौकात स्वयंसेवक किती ते लिहा, रुग्णवाहिका कुठे उभी राहणार ते दाखवा. वाहनतळाला आणि सामान ठेवायच्या जागेला खासगी सुरक्षारक्षक घ्या, पण 2005 च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याखाली परवाना असलेल्या संस्थेचेच. मग निरीक्षकांसमोर बसून पॉइंटवार आकडा मागा: कुठे किती अंमलदार, किती तास, कोणत्या दराने. नम्रपणे मागितलं तर मिळतो. रक्कम चलनाने शासनाच्या खात्यात भरा, कोणाच्याही हातात रोख देऊ नका. महिनाभर आधी जा. आठ दिवस आधी येणाऱ्या आयोजकाला कोणताच अधिकारी मनापासून मदत करत नाही. मीही करत नसे.

तुम्ही टाकलेला मार्ग पाहिला. साखर कारखान्याकडून येणारी वाट सातव्या किलोमीटरला तुमच्या रस्त्याला मिळते. गळीत हंगाम चालू असेल तर पहाटे उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या, ब्रेक धड लागत नाहीत. बाकी कुठे एखादा माणूस कमी घेतला तरी चालेल, त्या वळणावर दोन पोलीस मागा आणि त्यांचे पैसे बिनतक्रार भरा.