‘दलदलीचं जंगल’ की ‘पीटजमिनीवरचं जंगल’?

प्रश्न असा आहे: फिनलंडमधल्या वनव्यवस्थापनावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘फॉरेस्टेड पीटलँड’ला ‘दलदलीचं जंगल’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. दलदल, पाणथळ, चिबड हे आपले तिन्ही शब्द जमिनीतल्या पाण्याबद्दल बोलतात. चर खणून निचरा केला की चिबड जमीन चिबड राहत नाही. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, मात्र राहतं. शेवाळ, मुळं, लाकूड पाण्याखाली हवेअभावी अर्धवटच कुजतं आणि त्याचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर चढतो. 2 मीटरच्या थरामागे दोनेक हजार वर्षं असतात.

फिनलंडचा सुमारे एक तृतीयांश भूभाग मुळात अशा जमिनीचा. त्यातल्या निम्म्याहून अधिक जमिनीत लाकडासाठी चर खणले गेले, बहुतेक 1960 आणि 70च्या दशकांत. पाइन आणि स्प्रूस जोमानं वाढले. पण पाण्याची पातळी उतरली तशी पीटला हवा लागली आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू झालं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, सुपीक जागी नायट्रस ऑक्साइडही. चरांतून गाळ, नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यांत उतरतात, पाणी तपकिरी होतं. आज त्यातल्या कित्येक रानांत बूट न भिजवता फिरता येतं. त्यांना ‘दलदल’ म्हटलं तर वाचकाला वाटेल की तिथलं पाणी अजून जागेवर आहे, आणि लेखाचा मुद्दाच हरवेल.

उलट, थर पुन्हा अगदी वरपर्यंत भिजवला तर मिथेन वाढतो. म्हणून सरसकट तोडीऐवजी निवडक झाडं काढण्याकडे आता तिथे कल आहे. उभी झाडं स्वतःच पाणी ओढतात, त्यामुळे पातळी एकदम वर येत नाही आणि जुने चर पुन्हा उकरायची गरज कमी होते. अनुवादात हा भाग नीट उतरायला हवा, तो फार महत्त्वाचा आहे.

फिनिश लोक पीटला ‘तुर्वे’ म्हणतात आणि त्या जमिनीला ‘सुओ’. त्यातही स्प्रूसची ती ‘कोर्पी’, पाइनची ‘रॅमे’, उघडी ‘नेवा’. हे शब्द लेखात आले तर तसेच ठेवा.

तेव्हा ‘पीटजमिनीवरचं जंगल’ लिहा. टंकताना ‘पीठ’ होत नाही ना, तेवढं पाहा. ‘दलदलीचं जंगल’ हे नाव दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या मायरिस्टिकाच्या, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांच्या, रानाला शोभतं. तिथे झाडांची मुळं खरोखर चिखलपाण्यात उभी आहेत.

‘डिच’ला ‘चर’च म्हणा. ‘कालवा’ म्हटलं की आपल्याकडे शेताला पाणी आणणारा डोळ्यांपुढे येतो. आणि एक छोटी तळटीप जरूर द्या: रोपवाटिकेत मिळणारं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा या पीटशी संबंध नाही.