कमी खर्चात भेटवस्तू छान कशी गुंडाळावी आणि कशी द्यावी?

महागडा चकचकीत कागद न आणता भेट देखणी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते कागद कुठला हे सगळ्यात शेवटी बघावं. आधी फूटपट्टी हातात घ्या.

मला हे कळायला बरीच वर्षं गेली. डबा कागदावर ठेवायचा आणि अंदाजाने कात्री चालवायची, ही माझी पद्धत. मग एका बाजूला कागद चार बोटं कमी पडायचा आणि दुसऱ्या बाजूला दुमडीचा गठ्ठा व्हायचा. तो झाकायला रिबन, रिबनीची गाठ झाकायला कागदी फूल. खर्च असा फुगतो.

चौकोनी डब्यासाठी हिशेब सोपा आहे. कागदाची एक बाजू डब्याभोवती पूर्ण फिरून वर दोन सेंटिमीटर उरेल एवढी हवी. दुसरी बाजू म्हणजे डब्याची लांबी अधिक उंची, वर बोटभर सूट. याहून जास्त सोडलं की टोकं जाड होतात आणि कितीही चिकटपट्टी लावली तरी उघडतात.

तेवढा लांब कागद नसेल आणि डब्याचा तळ चौरस असेल, तर डबा कागदावर तिरका ठेवा, म्हणजे डब्याच्या कडा कागदाच्या कोपऱ्यांकडे येतील. चौरस कागदाची बाजू किती हवी? डब्याच्या वरच्या चौकोनाचा कर्ण, अधिक उंचीची दीडपट. उदाहरणार्थ 10 सेंटिमीटर चौरस आणि 4 सेंटिमीटर उंच डबा घ्या. कर्ण साधारण 14, उंचीची दीडपट 6, म्हणजे 20 सेंटिमीटरचा चौरस तुकडा पुरतो. सरळ गुंडाळायचं तर 30 सेंटिमीटर लांब कागद लागला असता. चारही कोपरे वर मध्यभागी येऊन भिडतात आणि एका लहानशा स्टिकरवर काम भागतं. पहिल्या वेळी रद्दीच्या कागदावर करून बघा, कोपरे आत घेताना गडबड होतेच.

कागद साधा खाकी असला तरी चालतो, पण प्रत्येक दुमडीवरून नख फिरवून कड धारदार करा. दुकानातलं वेष्टन भारी वाटतं ते निम्मं या कडांमुळे. वर एक जाड सुतळी, तीही एकदाच. सुतळी, सुकं पान, मोती, चिठ्ठी असं सगळं एका डब्यावर चढवलेलं मला आवडत नाही. काटकसर लपवायची धडपड त्यातून जास्त दिसते.

वर्तमानपत्राबद्दल मात्र सावध करतो. त्याची शाई हाताला लागते, त्यामुळे फिकट कपडा द्यायचा असेल तर आत एक कोरा कागद घाला. आणि कुठलं पान वर येतंय ते बघा. मी एकदा मित्राला वाढदिवसाचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. घड्या अगदी कडक, सुतळीची सुरगाठ झोकात. त्याच्या हातात दिल्यावर दिसलं की दर्शनी बाजूला निधनवार्तांचे फोटो ओळीने बसलेत. तो हसला. त्याची आई नाही हसली. जुने नकाशे, कॅलेंडरची मोठी पानं, संगीताच्या नोटेशनचे कागद जास्त बरे.

तसं पाहिलं तर विकतचा छापील कागदही जुगाडातूनच आलाय. 1917 च्या नाताळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हॉल बंधूंच्या दुकानातला गुंडाळायचा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांना आतून अस्तर म्हणून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला मांडला, आणि तो हातोहात खपला. पुढे हेच हॉलमार्क म्हणून नावाजले.

आलेल्या भेटींचे कागद जपून ठेवायचे असतील तर चिकटपट्टीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा, डिंक सैल होतो. मग उलट्या बाजूने, वर कापड ठेवून, अगदी मंद इस्त्री. त्याआधी कागद मुठीत चुरगळून बघा. चुरगळलेला राहिला तर कागद, आपोआप उलगडला तर त्यावर प्लॅस्टिकचा थर आहे. त्याला इस्त्री लावू नका.

खरी मजा कापडात आहे. जपानमध्ये चौरस कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे, त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. 2006 मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेली फुरोशिकी पुढे आणून लोकांना या सवयीची आठवण करून दिली होती. स्कार्फ, उशीचा जुना अभ्रा, जे असेल ते घ्या. कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. गाठ मारताना आधी डावं टोक उजव्यावरून, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर गाठ वाकडी बसते. नीट बसलेली गाठ घट्ट राहते, पण एक टोक उलट दिशेला सरळ ओढलं की सुटते.

बाटलीसाठी माझा लाडका उपाय म्हणजे जुन्या शर्टाची बाही. खांद्याकडून कापा, कापलेलं टोक उलटं शिवून घ्या, बाटली आत सरकवा आणि कफाचं बटण तिच्या गळ्याशी लावा. बाही नेसलेली बाटली उघडायला लोक बटणच काढतात, फाडत नाहीत. कापड परत हवं असेल तर मात्र देतानाच सांगा, नंतर मागणं फार अवघड जातं.

आता द्यायचं कसं. ‘एक संध्याकाळ तुझी मुलं सांभाळीन’ अशी हाताने लिहिलेली कुपनं छान वाटतात, पण मी दिलेली बहुतेक ड्रॉवरमध्येच राहिली, कारण मागायला माणसं संकोचतात. म्हणून आता मी कुपनावर तारीख लिहूनच देतो. नको असेल तर बदलून घ्या म्हणतो.

सायकलीसारखी बोजड वस्तू गुंडाळायच्या फंदात पडू नका. तिला लोकरीचा धागा बांधा, धागा घरभर फिरवा, खुर्चीच्या पायाखालून, दाराच्या कडीतून, आणि दुसरं टोक काड्यापेटीत ठेवून ती काड्यापेटी तेवढी गुंडाळा. माझ्या भाचीने ती हलवून बघितली, नाराज झाली, उघडली, आणि मग धागा गुंडाळत गुंडाळत अर्धा तास घरभर रांगत होती. सायकल बाथरूममध्ये होती.