दोघांचाही खांदा निखळतो, मग दोघांचंही ऑपरेशन?

डिचोलीकडच्या एका गावातली आई दोन्ही मुलांना घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा १९ वर्षांचा, गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, खांदा दोनदा निखळलेला. मुलगी १४ वर्षांची, मनात आलं की खांदा ‘टक्’ करून बाहेर काढून दाखवणारी. आईने वाक्य आधीच जुळवून आणलं होतं: “मॅडम, आमच्या घराण्यातच सांधे सैल. आता दोघांचंही ऑपरेशन करावं लागणार ना?”

हा प्रश्न वरचेवर येतो, कारण ‘निखळतो’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. खांद्याचा सांधा म्हणजे चहाच्या बशीवर शहाळं ठेवावं तसा. बशी उथळ. तिच्या काठावर लेब्रम नावाची कूर्चेची कड असते, कुकरच्या गास्केटसारखी. भोवती अस्थिबंधांची पिशवी आणि त्यावर शहाळं बशीवर दाबून धरणारे स्नायू. यातलं नेमकं काय बिघडलंय, त्यावरून प्रकार ठरतो. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या हाडांच्या रुग्णालयातून आलेली वर्गवारी तीन टोकांची आहे. पहिलं टोक मार लागून रचना फाटलेली. दुसरं मार न लागता रचना सैल झालेली. तिसऱ्यात रचना ठीक असते, पण स्नायू चुकीच्या क्रमाने आखडतात.

मुलाची हकीकत ऐकतानाच अर्धं निदान झालं. बॉल अडवायला हात वर-बाहेर फेकून तो पडला, खांदा पुढच्या बाजूला निखळला, हॉस्पिटलात बसवावा लागला. चार महिन्यांनी कदंबच्या बसमध्ये वरचा दांडा धरला, ब्रेक लागला आणि खांदा पुन्हा बाहेर. तपासताना त्याला आडवं झोपवून हात खांद्याच्या रेषेत बाजूला घेतला आणि सावकाश बाहेरच्या बाजूला वळवला. दुखण्याआधीच त्याचा चेहरा आक्रसला, दुसरा हात मनगट धरायला धावला. दंडाच्या हाडाचं डोकं, म्हणजे ते शहाळं, पुढून तळव्याने मागे दाबलं, तसा तो सैल पडला. हे पहिलं टोक. एमआरआयमध्ये लेब्रम बशीच्या पुढच्या-खालच्या काठावरून सुटलेलं दिसलं. त्याला बँकार्ट इजा म्हणतात. विशीच्या आतबाहेरचा, हात वर नेणारा खेळाडू असेल तर हा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी, त्यामुळे इथे शस्त्रक्रियेचा विचार रास्त. मात्र आधी सीटी स्कॅनवर हाड मोजायचं. बशीचं हाड साधारण २० ते २५ टक्के झिजलं असेल, तर नुसतं लेब्रम शिवून भागत नाही, हाडाचा तुकडा बसवावा लागतो.

पहिल्या वेळी मैदानात मित्रांनी हात ओढून बसवायचा प्रयत्न केला होता. असं कधीच करू नये. हाड मोडलेलं असू शकतं, नस ताणली जाऊ शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टाच्या बाहीवर बिल्ला लावतात तिथे, बधिरपणा आहे का ते आधी पाहायचं, मग एक्सरे, मग बसवणं.

मुलीचं चित्र निराळं. पडलेली नाही, दुखत नाही, दोन्ही खांदे ढिले. कोपराजवळ धरून हात खाली ओढला की खांद्याच्या टोकाखाली खळगा पडतो. करंगळी उलटी ९० अंशांपलीकडे, अंगठा मनगटाला टेकतो, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला. सांध्यांचा सैलपणा मोजणारा बेटन गुणांक ९ पैकी ७. आईची घराण्याची शंका मुलीपुरती बरोबर होती. पण सैल सांधे हा तिच्या अंगाचा घाट, आजार नव्हे. खरी खोड आरशात दिसली: खांदा बाहेर काढताना छातीचा आणि पाठीचा मोठा स्नायू आधी खेचतो, फऱ्याचे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचे, स्नायू झोपलेले. ही दुसऱ्या आणि तिसऱ्या टोकांची सरमिसळ. तिच्यावर थेट शस्त्रक्रिया केली तर शिवलेली पिशवी पुन्हा ताणते, कधी दुखणं वाढतं. जिममध्ये छाती कमावली तर त्याच चुकीच्या स्नायूला बळ.

तिला दिलेलं काम कंटाळवाणं होतं. आरशासमोर, भिंतीला तळवे टेकून, फरा पाठीला चिकटवून हलका दाब, १० वेळा, दिवसातून दोनदा. ‘टक्’ होणार असं वाटलं की तिथेच थांबायचं. किमान तीन ते सहा महिने. आणि मैत्रिणींना दाखवणं बंद. आईला बजावलं की रागावू नका, बघूही नका. प्रेक्षक नसले की खेळ लवकर संपतो.

(फिट किंवा विजेच्या धक्क्यानंतर हात आत वळून अडकला, बाहेर वळेचना, तर खांदा मागे निखळलेला असू शकतो. नुसत्या समोरच्या एक्सरेत तो सुटून जातो.)

जाताना मुलाचा एकच प्रश्न होता. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली, तर २४ जूनला सांजांवला, म्हणजे गोव्यातल्या विहिरीत उड्या मारायच्या सणाला, विहिरीत उडी चालेल का? मधे चार महिनेच. झेप आणि धक्का सोसायला साधारण सहा लागतात. यंदा डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, घालून काठावर उभं राहायचं.