विम्याचे पैसे आणि आठवड्याचे दोन हजार

प्रश्न : वय 47. राहायला मुलुंड पूर्वेला, ऑफिस दादरला, खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. पगार हातात ₹62,000 येतो. अकरा महिन्यांपूर्वी मिस्टर गेले, नोकरीत असतानाच, हार्ट अटॅकने. मुलगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, फी वर्षाला ₹1,40,000. घराचं कर्ज ₹9 लाख शिल्लक, हप्ता ₹14,500. एसआयपी ₹10,000. टर्म इन्शुरन्सचे ₹25 लाख आले, ते तसेच बचत खात्यात आहेत. मिस्टरांच्या कंपनीतून पीएफच्या फॉर्मचं पाकीट आलंय, कपाटात ठेवलंय, उघडवत नाही. झोप लागत नाही. दोनदा मुलुंड कधी गेलं कळलंच नाही, ठाण्याला उतरले. मैत्रिणीने एक थेरपिस्ट सुचवली आहे. आठवड्याला एक सेशन, ₹2,000. चोवीस सेशनचे एकदम भरले तर ₹40,000. दीर म्हणतात, आधी कर्ज फेड, बोलायला आम्ही आहोत की. आई म्हणते, नोकरी सोड, फ्लॅट भाड्याने दे आणि चिपळूणला ये. माझंच मन तयार होत नाही. त्यांच्या जिवाचे पैसे मी माझ्या रडण्यावर घालवू का?

उत्तर : ताई, सेशन सुरू करा. आणि त्यासाठी त्याच पैशांतून खर्च करा. आपण नसलो तर घर चालत राहावं म्हणून तुमच्या यजमानांनी वर्षानुवर्षं विम्याचे हप्ते भरले. ते घर आता ज्या एका माणसाच्या पगारावर आणि डोकं शांत असण्यावर चाललंय, ते माणूस तुम्ही आहात.

आता आकडे. हप्ता, एसआयपी आणि मुलीच्या फीचे महिन्याचे सुमारे बारा हजार काढले की पगारातले पंचवीसेक हजार उरतात. मुंबईत सोसायटीचा मेंटेनन्स, वाणसामान, वीज, दोघींचे पास, मुलीचा खर्च यातच ते संपणार. यात महिन्याचे आठ हजार घुसवले तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही स्वतःच "राहू दे" म्हणून थेरपी बंद कराल. म्हणून ही फी पगारातून द्यायचीच नाही. ₹25 लाखांतले ₹60,000 काढून दुसऱ्या एखाद्या खात्यात ठेवा. पहिले तीन महिने दर आठवड्याला आणि पुढचे सहा महिने पंधरवड्याला एक सेशन धरलं तर साधारण सव्वीस सेशन होतात, म्हणजे ₹52,000. उरलेले रक्ततपासणीला (कशासाठी ते पुढे सांगतो) आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांच्या फीला. नऊ महिन्यांनी पुन्हा विचार करू. वेगळं खातं सांगतोय ते एवढ्यासाठी की दर आठवड्याला दोन हजार देताना आपण घरातून काहीतरी चोरतोय असं वाटू नये.

₹60,000 मोठे वाटत असतील तर दुसरीकडे बघा. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के व्याज मिळतं, वर्षाच्या मुदत ठेवीवर सहाच्या आसपास. ₹20 लाखांवर हा तीन टक्क्यांचा फरक वर्षाला ₹60,000 होतो. व्याजावर कर भरावा लागेल हे खरं, पण नुसतं पैसे हलवायचं मन झालं नाही म्हणून जवळजवळ तेवढी रक्कम तुम्ही अकरा महिन्यांत सोडून दिलीत. त्यात ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ₹5 लाखांपर्यंतच असतं. म्हणून पाच-सहा बँकांत वाटून, सहा महिने ते वर्षाच्या ठेवी करा. याहून जास्त काही आत्ता नको. एवढी शिल्लक दिसल्यावर बँकेतून रिलेशनशिप मॅनेजरचे फोन येतच असतील. पाच वर्षं पैसे अडकतील अशी कुठलीही योजना या वर्षात घ्यायची नाही.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महाग गोष्ट दिसली ती कपाटातलं पाकीट. त्यात फक्त पीएफची शिल्लक नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफला जोडलेल्या ईडीएलआय विम्याची रक्कम वारसाला मिळते, जास्तीत जास्त ₹7 लाख. यजमान पीएफच्या पेन्शन योजनेचे सभासद असतील तर तुम्हाला विधवा पेन्शन मिळेल आणि मुलीला 25 वर्षांची होईपर्यंत त्या पेन्शनचा चौथा हिस्सा वेगळा. ही पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, मागची थकबाकीही मिळते. म्हणजे उशीर झाला म्हणून पैसे बुडालेले नाहीत. तिन्ही दाव्यांसाठी आता एकच फॉर्म भरता येतो. मृत्यूचा दाखला, तुमचं आणि मुलीचं आधार, तुमच्या नावाचा रद्द केलेला चेक, मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा. तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, दुसऱ्या कुणाचा फॉर्म असता तर जेवणाच्या सुट्टीत भरून मोकळ्या झाला असता. स्वतःचा होत नाही, यात आळस नाही. थेरपिस्टला पहिल्याच सेशनला या पाकिटाबद्दल सांगा. फॉर्म भरून देणं तिचं काम नाही, पण पाकीट हातात घेतल्यावर काय होतं यावर बोलणं हे नक्की तिचं काम आहे. फॉर्म भरायला मात्र दीरांना बसवा. "बोलायला आम्ही आहोत" म्हणणारा माणूस अशा कामाला बरा असतो.

दीरांचा कर्ज फेडायचा सल्ला तसा चुकीचा नाही. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असतो, आणि बदलत्या व्याजदराचं घरकर्ज वैयक्तिक कर्जदाराने आधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. पण एक रुपया भरायच्या आधी घरकर्जाची फाईल काढा. कर्ज देताना बरेचदा बँका सोबत कर्जाइतका विमाही गळ्यात मारतात. सुरुवातीच्या स्टेटमेंटमध्ये कर्जाच्या रकमेतच एकरकमी प्रीमियम जोडलेला दिसतो का पाहा. तसा विमा यजमानांच्या नावावर असेल तर उरलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं आहे, तुम्ही नाही. दावा उशिरा आला एवढ्याच कारणावरून सरसकट नाकारू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना 2011 मध्येच बजावलेलं आहे. विमा नसला तर पीएफचे पैसे हातात आल्यावर त्यातून कर्ज कमी करू. तोवर हप्ता जातोय तसा जाऊ दे.

आईंचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण हिशेबाने सगळ्यात धोक्याचं तेच. नोकरी सोडली तर वर्षाला ₹7,44,000 थांबतात. साठीपर्यंत तुमची तेरा वर्षं आहेत. पन्नाशीला टेकलेल्या बाईला मुंबईत पुन्हा त्याच पगारावर नोकरी मिळणं किती कठीण आहे, ते तुम्ही ऑफिसात बघत असालच. ऑफिसचा आरोग्य विमाही जाईल. आणि मुलीचं कॉलेज इथे आहे. खूपच असह्य होत असेल तर महिनाभर बिनपगारी रजा मागा. ती ₹62,000 ला पडते, राजीनामा किती लाखांना पडेल ते तुम्हीच मोजा. चिपळूणला गणपतीत, मे महिन्यात हवं तेवढं राहून या. नऊ महिन्यांनी, झोप नीट लागायला लागल्यावरही तिकडेच जावंसं वाटलं तर मी स्वतः तुम्हाला भाड्याचा आणि खर्चाचा तक्ता करून देईन.

चोवीस सेशनचं पॅकेज घेऊ नका. ₹48,000 चे ₹40,000 ऐकायला छान वाटतं, पण थेरपिस्टशी आपलं जमतंय की नाही हे तीन-चार सेशन झाल्याशिवाय कळत नाही. नाही जमलं तर पुढचे पैसे परत मागायला तुम्ही जाणार आहात का? मला नाही वाटत. प्रत्येक सेशनचे वेगळे द्या. फी परवडण्यासारखी करता येईल का, हे विचारायला लाजू नका. मुंबईतले अनेक थेरपिस्ट उत्पन्न पाहून फी कमी करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. शिक्षण काय झालंय तेही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही याच शहरात आहेत.

खासगी परवडत नाही असं झालं तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपरचे पैसे नाममात्र, औषधं स्वस्त. तिथे पैसे नाही, वेळ लागतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून जावं लागेल आणि दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही. दर आठवड्याला तासभर बोलण्यासाठी ती जागा नव्हे, पण निदानासाठी आणि औषधासाठी उत्तम. तुमच्या एचआरलाही विचारून बघा. काही कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांना ठरावीक सेशन फुकट असतात आणि कुणालाच माहीत नसतं. आणि कधी रात्री जगणंच नको असं वाटलं, तर सेशनच्या दिवसाची वाट बघायची नाही. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.

माझं क्षेत्र नाही, पण तुमच्या वयात झोप उडण्यामागे थायरॉइड किंवा पाळी जाण्याच्या काळातले बदलही असू शकतात. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून या. ₹60,000 मध्ये त्याचे धरलेलेच आहेत.

विम्याबद्दल थोडं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला कंपन्यांना बांधलंय. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झालं तरच पैसे देतात, त्यामुळे सेशनची फी त्यातून निघणार नाही. जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वजावटही या फीला लागू नाही. स्वतःची वेगळी आरोग्य पॉलिसी तुम्हाला घ्यावीच लागेल, कारण ऑफिसचा विमा नोकरीपुरताच असतो. तेव्हा प्रस्तावात थेरपी किंवा औषधं सुरू असल्याचं स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढेल, फार तर तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लागेल. एजंट म्हणेल, "मॅडम, कशाला लिहिता, कोण बघतंय?" दाव्याच्या वेळी कंपनी बघते.

एसआयपी चालू ठेवा, तिला हात लावायची गरज नाही.

मुलीबद्दल तुम्ही फक्त फी लिहिलीत. तिचेही वडील गेलेत, आणि आईला त्रास नको म्हणून ती गप्प असण्याची शक्यता मोठी आहे. कॉलेजात समुपदेशक आहे का ते तिला विचारायला सांगा, बऱ्याच ठिकाणी असतात आणि पैसे पडत नाहीत. नसेल तर तिच्यासाठी त्याच वेगळ्या खात्यात आणखी ₹30,000 टाका.