कॉट्सवोल्ड्सला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

कॉट्सवोल्ड्स म्हणजे इंग्लंडमधला टेकड्या आणि जुन्या दगडी गावांचा भाग. अहो, एका दिवसात पाच गावं नका करू, नुसती पार्किंग शोधण्यात दिवस जाईल. बोर्टन-ऑन-द-वॉटर हे एकच गाव धरा आणि तिथूनच चालत फिरा. लंडनच्या पॅडिंग्टनवरून मोरटन-इन-मार्शची ट्रेन साधारण दीड तास, पुढे बस, कारण बोर्टनला स्टेशनच नाहीये. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र आधीच बघून ठेवा, ती लवकर सुटते, आणि रविवारी तर बसचं अजिबात गृहीत धरू नका.

बोर्टनमध्ये विंडरश नदी, तिच्यावरचे बुटके दगडी पूल, १९३७ ला उघडलेलं मॉडेल व्हिलेज (गावाचीच एक नवमांश आकाराची प्रतिकृती, मुलं असतील तर नक्की दाखवा), पण दुपारी गर्दी फार होते, म्हणून सकाळी गाव बघून घ्या आणि मग वॉर्डन्स वे या पायवाटेने लोअर स्लॉटर या गावाला निघा, अर्धा-पाऊण तास लागतो. शेतातून जाताना गेट उघडलं की मागे लावायचंच, मेंढ्या असतात. बूट वॉटरप्रूफ हवेत, पाऊस पडून गेला की नुसता चिखल.

लोअर स्लॉटरला ओढ्याकाठी जुनी गिरणी आहे. बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात, तुम्ही पुढे अप्पर स्लॉटरपर्यंत जाच. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले गावचे सगळे जण जिवंत परत आले अशी इंग्लंडमध्ये मोजकीच गावं आहेत, त्यातलं हे एक. मला तरी बोर्टनपेक्षा हेच जास्त आवडतं. दुकान वगैरे काही नाही, पाणी आणि खायला बोर्टनमधूनच घेऊन जा.