दुर्लक्षित लोकांसाठी ऑनलाइन मीडिया काढला तर तो धंदा म्हणून चालतो का? सुरुवात कुठून करू?

चालतो. पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय ना की "या लोकांच्या कहाण्या जगासमोर आणायच्या आहेत", तिथंच माझं तुमच्याशी भांडण आहे, आणि म्हणूनच एवढं लिहायला बसलोय.

मी बीड जिल्ह्यातला, धारूर तालुक्यातला. आईवडलांनी बावीस हंगाम ऊस तोडला. माझी पहिली ते चौथी अर्धी गावात आणि अर्धी कोपीवर (तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत) झाली. पुढं कॉलेजातल्या एका मित्रासोबत ऊसतोड कामगारांसाठी यूट्यूब चॅनल काढलं. कॅमेरा, ड्रोन, एडिटिंग सगळं त्याचं, माणसं माझ्या ओळखीची. २०१९ ला गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा विषय गाजला, सरकारी समितीच्या पाहणीत एकट्या बीड जिल्ह्यात १३ हजारांवर ऊसतोड बायांची पिशवी काढलेली निघाली, तेव्हा देशभरातले कॅमेरे आमच्याकडं येऊन गेले होते. आमच्या वस्तीवरच्या बाया नंतर कोणी माईक घेऊन आलं की दार लावून घ्यायच्या. हे डोळ्यासमोर असूनही आम्ही तेच केलं.

आमचा पहिला चाललेला व्हिडिओ कोल्हापूरकडच्या एका फडातला, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतातला. आईच्या ओळखीची एक मावशी होती, आदल्या दिवशी कोयता लागून बोट फाटलेलं, त्यावर लुगड्याची चिंधी बांधून मोळ्या बांधत होती. मित्रानं तिला गावाकडं ठेवलेल्या पोरीबद्दल विचारलं आणि ती रडली. आम्ही ते रडणं स्लो मोशनमध्ये घेतलं, खाली बासरी लावली, वरून ड्रोनचा शॉट. चार लाख व्ह्यूज गेले. मी ॲनालिटिक्स उघडून बघितलं तर बघणारे पुण्याचे, मुंबईचे, थोडे दुबईचे. धारूर, वडवणी, केज कुठंच नाही. कमेंटमध्ये सगळे हात जोडलेले इमोजी.

पंधरा दिवसांनी रात्री नऊच्या सुमारास मावशीचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाईलवरून. म्हणाली, "लेकरा, माझ्या हातचं जेवून गेलास ना? मग माझं रडतानाचं तोंड लेकीच्या सासरला कशाला दाखवलंस?" पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात ठरलेलं होतं आणि होणाऱ्या सासूनं व्हिडिओ दाखवून विचारलं होतं की एवढी परिस्थिती होती तर आधी का नाही सांगितलं. मला बोलताच येईना. परवानगी आम्ही मुकादमाला (हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन मजुरांची टोळी नेणारा) विचारली होती, मावशीला विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "बरं ते जाऊ दे. मुकादम म्हणतो उचल अजून चाळीस हजार राहिलीय. तुमच्या त्या मोबाईलमधी तेवढा हिशोब काढून मिळतो का?"

माझं जे काही काम आज उभं आहे ते ह्या एका वाक्यावर उभं आहे.

व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. सकाळी मित्राचा फोन, चार लाख व्ह्यूज असे कसे उडवतोस, आणि मग तो म्हणाला ते मी अजून विसरलेलो नाही, की "ह्यांचं दुसऱ्यांना दाखवून पैसा मिळतो, ह्यांनाच दाखवून मिळत नाही. ह्यांच्या खिशात आहे काय?" आठवडाभरात तो ड्रोन घेऊन गेला.

मी मग हिशोबाचा व्हिडिओ केला. सहा मिनिटं, शाळेची वही, निळा पेन, फोन स्टीलच्या डब्याला टेकवलेला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दराचा करार झाला होता, ३४ टक्के वाढ, टनाला २७३ चे ३६६ झाले. पेपरात ह्या बातम्या आल्या, पण ३६६ म्हणजे माझ्या कोयत्याला काय, हे कोणी सांगितलं नव्हतं (एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे बाहेरच्यांसाठी सांगतो). मी वहीवर लिहून दाखवलं: लाखाची उचल जुन्या दरानं फेडायला ३६६ टन तोडावे लागत होते, नव्या दरानं २७३. आकडे नुसते उलटे होतात, त्यामुळं एकदा ऐकलं की कोणी विसरत नाही. मग दहा कोयत्यांची टोळी असेल, ट्रॅक्टरला वीस टन भरले, तर तुझ्या वाट्याला दोन टन, म्हणजे ७३२ रुपये. वजनकाट्यावरची पावती मुकादमाकडं राहते, तर तिचा फोटो रोजच्या रोज मागून घे. एवढंच.

आता हा व्हिडिओ पोचवायचा कसा? टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मुकादमच असतो, तिथं टाकला की डिलीट. मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिच्यात २५६ च नंबर बसतात आणि समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज जातो, म्हणजे एकेकाला फोन करून नंबर सेव्ह करायला लावला, रात्री आठ ते दहा, कारण त्याआधी माणूस फडात आणि नंतर झोपलेला. व्हिडिओ कोणाच्या डेटाला झेपत नव्हता, तर नुसता आवाज काढून पाठवला. तिसऱ्या दिवसापासून पहाटे साडेतीनला व्हॉइस नोट यायला लागल्या, सगळ्या बायांच्या, नवरा गाडीकडं गेला की त्याचा फोन घेऊन बोललेल्या, मागून भाकरी थापल्याचा आवाज. "दादा, आमची टोळी बारा कोयत्यांची हाय, आमचं किती?" मी प्रत्येकीला उत्तर दिलं. त्या हंगामात वही भरली.

आता पैशाचं, कारण प्रश्न धंद्याचा आहे आणि माझ्या मित्रानंही हे वाचावं अशी इच्छा आहे. उचलीचे पैसे पोळ्यानंतर यायला लागतात. दोनशे कोयत्यांचं गाव धरा, कोयत्याला लाख धरा, तर दिवाळीच्या आधी एका गावात दोन कोटी रुपये येतात. त्यातले जुन्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात जातात हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण निघायच्या आधी प्रत्येक घर ताडपत्री घेतं, कोयते घेतं, बॅटरी, घोंगडी, भांडी, चपला, बैलांचे कासरे घेतं. हा बाजार तालुक्याच्या प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. माझी पहिली जाहिरात ताडपत्रीवाल्याची, तीन हजार रुपये, दसऱ्याच्या आधी. तो म्हणाला, पेपरात जाहिरात देतो ती मास्तर लोक वाचतात, ताडपत्री घेणारा तुझ्याकडं आहे. पुढच्या वर्षी अकरा दुकानं झाली. खिशात काय आहे ते असं आहे.

यूट्यूबच्या पैशावर मात्र घर उभं करू नका. हजार सबस्क्रायबर, बघितल्याचे चार हजार तास भरले की जाहिराती सुरू होतात, मोठ्या व्हिडिओत ५५ टक्के तुमचे, पण मराठी व्हिडिओला, त्यातही गावाकडच्या बघणाऱ्याला, दर एकदम कमी पडतो. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत आणि पत्ता तपासायला पिनचं पाकीट पोस्टानं येतं, माझं आलं तेव्हा मी फडावर आणि पाकीट पोस्टमनच्या पिशवीत महिनाभर. शिवाय ह्या दरामुळंच लोक पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाकडं वळतात आणि परत बासरी लावतात.

तुम्ही कदाचित म्हणाल की हा बीडपुरता प्रकार आहे, तर तसं नाही. खबर लहरिया २००२ ला चित्रकूटमध्ये गावातल्या बायांनी बुंदेलीत छापायला सुरुवात केली, आता सगळं मोबाईलवर, आणि बातमी पहिल्यांदा त्याच भागातल्या माणसासाठी. त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी २०२२ ला ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली तेव्हा त्यांनी स्वतः निवेदन काढून सांगितलं की ह्यात आमचं काम पूर्ण आलेलं नाही. त्या वेळी अख्खं जग टाळ्या वाजवत होतं, तरी बोलल्या. आणि बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढला तेव्हा पैसे देऊनही केसरीनं त्याची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून सुरुवात झाली, आणि १९२३ ला ते पत्र बंद पडलं. तीन वर्षं. म्हणजे माणसं आणि विचार दोन्ही असले तरी रोजच्या खर्चाची सोय लागते, हे कोणी कमीपणाचं मानू नये. मला फंडवाल्यांच्या बैठकांत "धंदा" शब्द उच्चारला की लोक तोंड वाकडं करतात, त्याचा राग येतो.

कोणाची जाहिरात घ्यायची नाही हे मात्र पहिल्या दिवशी ठरवा. मुकादम, कारखाना, पुढारी, तिघांची नाही. मला एका मुकादमानं वर्षाचे साठ हजार देऊ केले होते, अट एकच, हिशोबाचे व्हिडिओ नको. साठ हजार त्या वेळी मला फार मोठे होते, दोन रात्री झोप नव्हती. नाही म्हणालो.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या त्या. मी पूर्णवेळ ह्यावर जगत नाही, एप्रिल-मेमध्ये लग्नांचं शूटिंग करतो. माझा जम बसला त्यात मी त्याच वस्तीतला आहे ह्याचा वाटा मोठा आहे, तुम्ही बाहेरचे असाल तर तिथल्याच एकाला, शक्यतो एकीला, पगारावर नाही तर भागीदारीत घ्या. बातम्या देणार असाल तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रार अधिकाऱ्याचं नाव टाकावं लागतं आणि तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढावी लागते, तर ते करून ठेवा, नाहीतर पहिली तक्रार मुकादमच करतो. पावत्यांचे फोटो लोक विश्वासानं पाठवतात, त्यातलं नाव आणि टोळी झाकल्याशिवाय कुठं वापरू नका. चेहरा दाखवायचा तर त्याच माणसाला विचारा, आणि व्हिडिओ टाकायच्या आधी त्यालाच दाखवा, तो नको म्हणाला तर नको.

कॅमेरा कोणता घेऊ हे विचारलंय. आत्ता घेऊ नका. फोन चालतो. कॉलरचा एक माईक घ्या, फडात वारा फार असतो आणि बाया हळू बोलतात. तुमचे लोक कोण आहेत ते तुम्ही लिहिलंच नाहीये, ते कळवा, आणि त्यांच्या हातात पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो तेही विचारून घ्या, मग जाहिरातीचं पुढचं बोलू.